सगळीकडे पाच

हे कागद एका बाजूला छापलेले आहेत. छापलेल्या बाजूला दहा वाक्यं आणि प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन. मागची बाजू कोरी. तिच्यावर मी लिहिते. काही कागदांच्या मागे माझ्या जावेच्या अंगठ्याचे काळे ठसे आहेत. ते सोडून जी जागा उरते तिच्यात लिहिते.

जाऊ म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. मी तिला वयनी म्हणते. दीर वारले त्याला बरीच वर्षं झाली. तिची एकच मुलगी, ती लग्न होऊन खेडला गेली. घरात आता वयनी, मी आणि माझा नवरा. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. वयनीला अक्षर येत नाही. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून तिला ते खुपत होतं, आणि मी फार बोलत नसल्यामुळे तिला वाटायचं की ते शिक्षणाच्या तोऱ्यामुळे. तोरा नव्हता. मला चारचौघांत तोंड उघडायची भीती वाटते, अजून वाटते.

बोलता येत नाही म्हणून मी तेव्हा एका वहीत लिहायची. नवरा चार चार दिवस बोलत नाही. मूल राहत नाही. या घरात आल्यापासून मला कुणी नावानं हाक मारली नाही, "अगो" आणि "ती" एवढंच. असलं काहीतरी. वही मी भाताच्या कणगीमागे ठेवायची. वयनीला ती सापडली. ती माझ्याशी भांडली नाही. लावणीचे दिवस होते. वाडीतल्या बाया दुपारी बांधावर भाकरी खायला बसल्या, तेव्हा तिनं वही पदराखालून काढली आणि मुलीच्या हातात दिली. मुलगी सहावीत होती, वाचायला हुशार.

"वाच गो. काकीनं पुस्तक लिवलान हाय."

मुलीनं वाचलं. शाळेत धडा वाचतात तसं, स्वल्पविरामाला थांबत. नवऱ्याचं वाचलं, मुलाचं वाचलं, हाकेचं वाचलं. एक बाई म्हणाली, "बोलत नाय तर सुखी हाय. माजा बोलता तो शिव्याच देता." सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "नाव काय हाय गो तिचा? मला पण ठावा नाय." त्यावर आणखी हसल्या. वयनी हसत नव्हती. ती भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावत होती. मी चिखलात उभी होते, हातात रोपांची मूठ, ती खाली ठेवायचं मला सुचलं नाही. पुढं त्या वहीच्या पानांत तिनं सुकट बांधली. बरेच दिवस पुड्या सोडताना माझं अक्षर दिसायचं.

वयनी सगळीच वाईट होती असं मी म्हणणार नाही. पालीच्या रस्त्याला काजूचा कारखाना आहे, तिथं मला तिनंच लावलं. सुपरवायझरला सांगितलं, "माजी जाऊ हाय, तोंड नाय पण हात हायत." ती स्वतः कटिंगला होती. उकडलेली काजूबी यंत्राच्या पात्यात धरायची, दांडा दाबायचा, बी फुटते. टरफलात तेल असतं. ते कातडी जाळतं. बाया हाताला राख लावतात, खोबरेल लावतात, पण वीस वर्षं रोज बी धरली की काही उरत नाही. वयनीची बोटं काळी पडली होती, आणि उजवा अंगठा वहाळातल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. मला तिनं कटिंगला बसू दिलं नाही. "तू सोलायला बस. तुजं हात लिवायचं हायत," म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली, हसवण्यासाठी. पण त्यामुळे माझे हात चांगले राहिले हे खरं.

शिमगा झाला आणि कारखान्यात वजनाचं नवीन यंत्र आलं. पूर्वी आमचा ट्रे एक कारकून वजन करून वहीत लिहायचा. आता काचेवर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की ट्रे काट्यावर ठेवायचा, पडद्यावर आपल्या कामाचं चित्र दाबायचं. वजन आपोआप ऑफिसात. अंगठा ओळखला नाही तर लाल दिवा लागतो आणि आतून एक बाई बोलते, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

कटिंगच्या बायांना दोन-तीनदा अंगठा पुसून ठेवावा लागायचा, मग लागायचा हिरवा. वयनीचा कधीच लागला नाही. ती अंगठा पदराला पुसायची, तोंडात घालून ओला करायची, परत पुसायची. मागं रांग.

"वयनीनू, अंगठा घरी इसरलाव काय?"

"डावा लावा. डाव्याला ओळखता काय बघा."

"पायाचा लावा."

वयनीला उलट बोलता यायचं, ती बोलायची पण. "तुजा पण जायल एक दिवस, मग बघतंय." पण पाचव्या-सहाव्या वेळी ती आतली बाई "कृपया" म्हणाली की वयनीचा चेहरा असा व्हायचा की मी दुसरीकडे बघायची. मला दया येत होती म्हणून नव्हे. मला ते फार वेळ बघावंसं वाटायचं, म्हणून.

सुरुवातीचे दोन महिने कारकुनाची वहीही चालू होती. वयनीचा ट्रे तो वहीत लिहायचा. यंत्र कायमचं ठेवायचं की नाही, कसं ठेवायचं, ते नंतर ठरणार होतं. ते ठरवण्यासाठी पुण्याहून एक मुलगी आली. यंत्र ज्यांनी बनवलं त्यांच्याकडची. तिच्याजवळ या कागदांचा गठ्ठा होता. यंत्र वापरायला सोपं आहे की अवघड, हे वापरणाऱ्या माणसांनाच विचारायचं आणि त्याचे गुण काढायचे, असं तिचं काम.

ग्रेडिंगच्या, म्हणजे काजूगर प्रतीप्रमाणे निवडणाऱ्या मुली बारावी झालेल्या, त्यांनी आपापले कागद भरले. वाचता न येणाऱ्या आम्ही अकरा जणी होतो. म्हणजे त्या अकरा, मी धरून नाही. सुपरवायझरनं मला पुढं केलं. "ही वाचून दाखवेल. हिला आवाज नाही, पण वाचता येतं."

मुलीनं मला बाकावर बसवून नीट समजावलं. "ताई, एक एक वाक्य वाचायचं. त्यांना ते किती पटतं ते विचारायचं. अजिबात पटत नाही तर एक. पूर्ण पटतं तर पाच. अधलंमधलं असेल तर दोन, तीन, चार. तुमचं मत घालायचं नाही."

मी मान हलवली.

"आणि बघा, पहिलं वाक्य चांगलं आहे, दुसरं वाईट, तिसरं चांगलं, चौथं वाईट. मुद्दाम केलंय. न ऐकता कुणी खुणा करत गेलं तर आम्हाला कळतं. सगळ्या खुणा एकाच रांगेत आल्या तर तो फॉर्म आम्ही मोजत नाही, बाद."

मी परत मान हलवली.

"कुणाला अंगठ्याचा त्रास असेल तर तोही यातून कळेल. तसं दिसलं तर आम्ही कार्ड देऊ शकतो. गळ्यात घालायचं, काचेला दाखवलं की झालं. पण फॉर्ममध्ये आलं पाहिजे. नुसतं कुणी सांगितलं म्हणून वर ऐकत नाहीत."

फार थोड्या गोष्टी मला पहिल्याच वेळी समजतात. ही समजली.

मग एकेक बाई येऊन माझ्यासमोर बसायला लागली. आमच्याकडची एक रीत आहे. वाडीत कुणी स्थळाची चौकशी करायला आलं, मुलगा कसा, घर कसं, तर वाईट कुणी सांगत नाही. मुलगा दारू पीत असला तरी "चांगला हाय" म्हणतात. सांगायचंच असेल तर गप्प बसतात, आणि चौकशीला आलेला माणूस त्या गप्प बसण्यावरून ओळखतो. या कागदावर गप्प बसण्याचा चौकोन नव्हता. त्यामुळे पहिल्या बाईनं पहिल्या वाक्याला पाच दिले, "हे यंत्र मला रोज वापरायला आवडेल." दुसरं मी वाचलं, "हे यंत्र उगाच अवघड करून ठेवलंय." त्यालाही पाच.

मी हळू आवाजात म्हटलं, "मावशी, इथं पाच दिलंत तर वाईट होतं."

"वाईट कसा होयल? पाचांत पाच दिलं ना?"

"हे वाक्यच वाईट आहे. याला पाच म्हणजे यंत्र अवघड आहे."

"अवघड हायच गो. पण पोर एवढ्या लांबून आली, तिच्या तोंडावर सांगू?"

"तिनंच विचारलंय. खरं सांगा म्हणाली."

मावशी त्या मुलीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मग चार घाल. पाच नको, पोरीला वाईट वाटंल."

असं एकेकीला सांगावं लागलं. मी सगळ्यांना सांगितलं. माझं मत घातलं नाही, पण कोणतं वाक्य कोणत्या बाजूचं ते प्रत्येकीला सांगितलं. एवढं मी आयुष्यात एका दिवसात बोलले नव्हते. एक वाक्य होतं, "हे यंत्र वापरताना मला आत्मविश्वास वाटतो." एकीनं विचारलं, "म्हंजे काय?"

"भीती वाटत नाही असं."

"मशीनची कसली भीती? मशीन काय सासू हाय?"

ती मुलगीही हसली. चहा आला. मला त्या दिवशी बरं वाटत होतं, लिहायला लाज वाटते पण वाटत होतं. बाया माझ्यासमोर बसत होत्या आणि मी विचारत होते.

वयनी सगळ्यात शेवटी आली. हात राखेनं पुसत आली आणि बाकावर माझ्यासमोर न बसता शेजारी बसली, मी तिची मोलकरीण असल्यासारखी. मी पहिलं वाक्य वाचलं.

"सगळीकडे पाच घाल," ती म्हणाली.

इतर दहा जणींना जे सांगितलं होतं ते माझ्या तोंडात होतं. वयनी, सगळी वाक्यं सारखी नाहीत. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. मी दुसरं वाक्य वाचलं.

"पाच."

तिसरं वाचलं. पाच. चौथं वाचलं, "दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय मला हे जमत नाही."

ती जरा थांबली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं हिला समजलं.

"याला पण पाच?" मी विचारलं. सरळ आवाजात विचारलं.

"तुला एकदा सांगितलेला कळत नाय? सगळीकडे पाच. पैकीच्या पैकी घाल. शेठला दिसूदे, आमी खोडी काढणाऱ्यातल्या नाय." मग बायांकडे बघून मोठ्यानं, "चौथी शिकलीय, पण पाच गिरवायला हात कापता हिचा."

बाया हसल्या. मी सगळीकडे पाच केलं. उरलेली वाक्यं मात्र मी मोठ्यानं वाचली, एकही सोडलं नाही. मला नंतर कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे होतं. खुणा एकाखाली एक आल्या, पट्टी ठेवून ओढल्यासारख्या. मी तिचं ऐकलं. आयुष्यभर तिचं ऐकत आले, तसंच.

संध्याकाळी ती मुलगी बाकावर कागद चाळत बसली. चांगल्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढत होती. तीन कागद बाजूला ठेवले. दोन ग्रेडिंगच्या मुलींचे, गप्पा मारत भरलेले. तिसरा वयनीचा. कागदावर नाव नसायचं, टोकन नंबर असायचा.

"ताई, हा कुणाचा? सदतीस नंबर. ज्यांचा अंगठा अजिबात लागत नाही त्याच ना या?"

मी हो म्हटलं.

"मग यांचाच नीट पाहिजे होता. यांनी असंच सांगितलं? की समजलं नाही त्यांना?"

बाहेर तिची गाडी चालू होती. वयनी नळावर हात धूत होती, वीस पावलांवर. हाक मारली असती तर आली असती.

"त्यांनी तसंच सांगितलं," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मी लाजते हे तिला दिवसभरात कळलं होतं. लाजणाऱ्या बाईवर कुणी संशय घेत नाही. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि ते तीन कागद आणि उरलेला कोरा गठ्ठा बाकावरच ठेवून गेली. सुपरवायझर म्हणाला, "न्या घरी, चुलीत घाला." मी घरी आणले. कोऱ्या बाजूचा कागद मला टाकवत नाही.

पाऊस लागायच्या आधी निकाल आला. चहाच्या वेळी सुपरवायझरनं सांगितलं की यंत्राला चांगले गुण पडले. कटिंगला जरा दोन-तीनदा अंगठा ठेवावा लागतो एवढंच, बाकी सोपं आहे असं तुम्हीच सांगितलंत, तेव्हा कारकुनाची वही आता बंद.

"मी तर पैकीच्या पैकी दिलं व्हतं," वयनी म्हणाली. तिला खरंच अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगठा ठेवला. लाल दिवा. कृपया पुन्हा प्रयत्न करा. तिनं सवयीनं कारकुनाकडे ट्रे नेला. कारकुनाच्या टेबलावर वही नव्हती. सुपरवायझर आला, त्यानं स्वतः तिचा अंगठा धरून काचेवर दाबला, जोरात, दोनदा.

"मावशी, मी तरी काय करू? सोपं आहे म्हणून तुम्हीच पाच दिलेत ना?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आठवडाभर असं चाललं. मग त्यानं सांगितलं, अंगठा नाही तर हजेरी नाही, घरी बसा, कातडी नवीन येते, रेघा आल्या की या. दिवाळीपर्यंत जागा ठेवतो. एवढं त्यानं केलं, वीस वर्षं कामाला असलेली बाई म्हणून.

वयनी घरी बसली. मी तिला इतकी गप्प कधी बघितली नव्हती. दिवसभर अंगठ्याला खोबरेल चोळायची. भांडी घासायला राख घ्यायची नाही, मिरची वाटायची नाही, अंगठा जपायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, जवळचं तिला धुरकट दिसतं. म्हणून तिनं एक युक्ती काढली. सकाळी टोपाच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावायची आणि या कागदाच्या कोऱ्या बाजूवर दाबायचा. मग कागद माझ्यापुढे धरायचा. मी कामाला निघायच्या आधी, पडवीत.

"बघ गो. आल्या काय रेघा?"

पहिले दोन महिने नुसता काळा ठिपका यायचा. मी "नाय वयनी" म्हणायची आणि ते खरं असायचं. ती म्हणायची, "बरा. उद्या बघू." तिला माझ्या नवऱ्याला विचारायची लाज वाटायची, आणि शेजारणींना तर मुळीच दाखवायचा नव्हता अंगठा.

या दिवसांत ती माझ्याशी चांगली वागायला लागली. मी येईपर्यंत भात झालेला असायचा. मला आवडतात म्हणून तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, आणल्या तिनं खाडीवरून एकदा, स्वतः चिखलात उतरून, डाव्या हातानं काढून. आणि गणपतीच्या आधी एका सकाळी तिनं मला नावानं हाक मारली. माझं माहेरचं नाव. ते तिला माहीत होतं. वहीत काय लिहिलं होतं ते तिला इतकी वर्षं आठवत होतं, नाहीतर नेमकं तेच कशाला सुचलं असतं. कागद पुढं करून ती नाव घेऊन म्हणाली, "बघ गो जरा नीट."

त्या दिवशी ठशाच्या कडेला रेघा होत्या. बारीक, केसासारख्या, पण होत्या.

"नाय वयनी," मी म्हटलं.

त्या दिवशी कामावर सोलताना माझ्या हातून तीनदा काजूगर तुटला. दुसऱ्या दिवशी परत नाय म्हटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी काही वाटेनासं झालं. नवरात्रात ठसा असा स्वच्छ यायला लागला की मधला भोवरा दिसायचा. मी तो कागद घेऊन उजेडात धरायची, बघितल्यासारखं करायची, मान हलवायची. ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची, जसं मी तिच्याकडे त्या बांधावर बघत होते, आता पुरे कर म्हणेल म्हणून.

धनत्रयोदशीच्या दिवशी सुपरवायझरनं मला विचारलं, "तुमच्या जाऊबाईंच्या रेघा आल्या का? शेजारच्या गावातली एक बाई जागा मागतेय."

"नाही आल्या," मी म्हटलं.

"मग मी तिला सांगतो."

मी मान हलवली. मी किती सहज मान हलवते.

पाडव्याला वयनीची मुलगी आली, खेडहून, दोन दिवसांसाठी. ती अंगणवाडीत आहे, दिवसभर फॉर्मच भरते. दुपारी पडवीत बसलो होतो, तिघी. फराळ बांधून न्यायला ती कागद शोधत होती आणि तिला खिडकीतला हा गठ्ठा मिळाला. वरच्या कागदांवर काळे ठसे.

"हे काय आई?"

वयनीनं सांगितलं, रेघा आल्या की नाही ते बघते म्हणून. मुलीनं एक कागद उचलला, दुसरा उचलला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आल्यात की. किती दिवस झाले हे? सगळ्यांवर आहेत." मग तिनं त्यातला खुणा केलेला एक कागद पालथा केला आणि छापलेली बाजू वाचायला लागली, तशीच, स्वल्पविरामाला थांबत. "हे यंत्र मला रोज वापरायला आवडेल, पाच. हे यंत्र उगाच अवघड करून ठेवलंय, पाच. दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय मला हे जमत नाही, पाच. टोकन सदतीस. आई, तुझाच ना? असा एका रांगेतला फॉर्म कुणी मोजत नाही. आमच्याकडेही फेकून देतात. कुणी भरून दिला?"

वाटेवरून रिक्षा गेली.

"काकी, तुला ठाऊक होतं?"

मी गप्प बसले. मी आधी लिहिलं आहे की आमच्याकडे गप्प बसण्यावरून ओळखतात.

वयनी तिच्या अंगठ्याकडे बघत होती. डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून. मग मुलीला म्हणाली, "तिला काय इचारतस? मीच सांगितला होता, सगळीकडे पाच घाल. तिचा काय चुकला नाय. फराळ बांध तुजा, एसटी जायल." मुलगी आणखी काही बोलणार होती. वयनीनं तिला बोलू दिलं नाही.

मी रात्रभर वाट बघितली, आता भांडेल, आता हात उचलेल. ती झोपली होती. घोरत होती.

मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरून पडवीत आले तर वयनी बसलेली. टोप पालथा. अंगठा काळा. तिनं गठ्ठ्यातला एक कागद घेतला, अंगठा दाबला, सावकाश, सगळ्या बाजूंनी, आणि कागद माझ्यापुढे धरला.

"बघ गो. आल्या काय रेघा?"

जागा गेली होती. तिला ते माहीत होतं, मी धनत्रयोदशीच्याच संध्याकाळी सांगितलं होतं. ती कागद धरून बसून राहिली.

"आल्या," मी म्हटलं.

"पुरा पटता? किती पटता ता सांग. पाचांत किती?"

माझी एसटी चुकली त्या दिवशी. ती कागद खाली ठेवत नव्हती.

"पाच," मी म्हटलं.

"बरा," ती म्हणाली, आणि पदराला अंगठा पुसला.

तेव्हापासून रोज विचारते. एकही सकाळ चुकवलेली नाही. ताप होता तेव्हाही अंथरुणातून हात बाहेर काढला. नवरा शेजारी चहा पीत असतो, त्याला वाटतं आम्हा दोघींचं काहीतरी चाललंय बायकांचं. भात ती अजून करते. नावानं मात्र परत हाक मारली नाही. रोज एक कागद संपतो, आणि ती काजळी वाळली की मी तो घेऊन उरलेल्या जागेत लिहिते. गठ्ठा अजून बराच आहे.